हाताखाली आणि हाताखालून

तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांची बोलणी सुरू होतात. मुलगा पुण्याला हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे असे कळले, की मुलीकडचे वडीलधारे गृहस्थ खुर्चीत सरसावून बसतात आणि पहिला प्रश्न टाकतात, "पॅकेज किती?" हा प्रश्न पोटाचा आहे. त्याला मी नावे ठेवीत नाही. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "हाताखाली किती माणसे आहेत?" मुलाने "बारा" म्हटले तर मान डोलते. "चाळीस" म्हटले तर बशीत आणखी एक लाडू पडतो. आणि एखादा सरळमार्गी मुलगा "हाताखाली कोणी नाही, मी स्वतः प्रोग्रॅम लिहितो" असे म्हणाला, तर मंडळींच्या चेहऱ्यावर अशी कळा येते, की जणू तो कचेरीत फुलझाडांना पाणी घालण्याच्या कामावर आहे!

माझे भांडण या दुसऱ्या प्रश्नाशी आहे. तो केवळ आपल्या दिवाणखान्यात विचारला जात असता तर मी त्याच्या वाटेला गेलो नसतो. पण काचेच्या त्या उंच इमारतींतूनही हाच प्रश्न राज्य करतो आहे. ज्याच्या खाली माणसे जास्त तो मोठा, हा तिथला मूळ मंत्र. आणि या एका मंत्रातून तीन अंधश्रद्धा जन्माला आल्या आहेत. जास्त डोकी म्हणजे जास्त काम, जास्त तास म्हणजे जास्त काम, आणि जास्त धाक म्हणजे जास्त काम. या तिन्ही गोष्टी साफ खोट्या आहेत, असे मी छातीठोकपणे सांगतो.

"मास्तर, तुम्ही शाळेत धडे शिकवा, कादंबऱ्या लिहा. तुम्हाला संगणकातले काय कळते?" असे कोणी म्हणेल. कबूल. मॅट्रिकपलीकडची पदवी मजजवळ नाही. पण बावीस वर्षे मी वर्गात उभा आहे. माझ्या वर्गातली कितीतरी पोरे आज त्या इमारतींत आहेत आणि सणासुदीला गावी आली म्हणजे माझ्या ओटीवर बसून मन मोकळे करतात. शिवाय मी जे सांगणार आहे ते काही गुपित नाही. त्या धंद्यातल्याच जाणत्या माणसांनी ते पन्नास वर्षांपूर्वी छापून ठेवले आहे. दुर्दैव एवढेच, की धंदा चालविणाऱ्यांना ते वाचायला सवड नाही. त्यांना मीटिंगा असतात.

पहिली अंधश्रद्धा घेऊ. आयबीएम कंपनीने 1964 च्या एप्रिलमध्ये सिस्टिम 360 नावाच्या संगणकांची घोषणा केली. त्या यंत्रांना चालविणारे मूळ सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम प्रचंड होते. फ्रेडरिक ब्रूक्स हे त्या कामाचे एक प्रमुख. भर कामाच्या दिवसांत हजारावर माणसे त्यावर राबत होती. कंपनीजवळ पैसा होता, हुशार माणसे होती, महत्त्वाकांक्षा होती. तरीही ते काम उशिरा झाले, अंदाजापेक्षा कितीतरी महाग पडले आणि पहिल्या खेपेला धड चालले नाही. पुढे ब्रूक्स विद्यापीठात शिकवू लागले आणि 1975 साली त्यांनी या अनुभवावर एक पुस्तक लिहिले. त्याचे सार असे, की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे घातली तर ते आणखी रखडते. या सिद्धांताला आज जगभर ब्रूक्सचा नियम म्हणून ओळखतात.

कोणत्याही गृहिणीला हा नियम शिकविण्याची गरज नाही. चकल्या पाडायला चार हात चालतात, करंज्यांना मुरड घालायला शेजारच्या दोघीजणी आल्या तर काम लवकर उरकते. पण भाजणी भाजायला एकाच कढईवर सहाजणी उभ्या राहिल्या, तर भाजणी करपते आणि वर भांडण होते ते निराळेच. सॉफ्टवेअर हे पुष्कळसे त्या भाजणीसारखे आहे. विटा वाहण्याचे काम असेल तर दहाऐवजी वीस मजूर लावा, निम्म्या वेळात होईल. पण प्रोग्रॅम लिहिणे हे वीट वाहणे नव्हे. एकाने काय गृहीत धरले हे दुसऱ्याला ठाऊक असावे लागते आणि दुसऱ्याने काय बदलले ते तिसऱ्याच्या कानावर जावे लागते. नवा माणूस आला की त्याला हे सारे समजावून सांगायचे कोणी? जो आधीच कामाखाली वाकला आहे, त्यानेच!

याचे गणित मी माझ्या सातवीच्या मुलांकडून करून घेतो. तीन माणसांत आपसातले दुवे तीन. सातांत एकवीस. बारांत सहासष्ट. आणि चाळिसांत किती? सातशे ऐंशी! इन्फोसिस कंपनी 1981 साली पुण्यात निघाली तेव्हा तिचे संस्थापक सात होते. एकवीस धाग्यांचे ते विणकाम होते. आज एखाद्या टीम लीडच्या गळ्यात चाळीस माणसे घालतात, तेव्हा त्याच्या गळ्यात सातशे ऐंशी धागे पडतात. मग तो दिवसभर या धाग्यांचा गुंता सोडवीत बसतो आणि त्यालाच काम म्हणतो. अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन कंपनीच्या जेफ बेझोस यांनी दंडक घातला होता, की दोन पिझ्झांत जिचे पोट भरेल एवढीच टीम असावी. आपल्या भाषेत सांगायचे तर एका पातेल्यातल्या खिचडीत जेवढी माणसे जेवतात तेवढीच. गावजेवणाच्या पंगतीला टीम म्हणत नाहीत.

मग ही माणसे वाढवितात कशाला? ज्याच्या हाताखाली जास्त माणसे, त्याची पगाराची पायरी वरची, हे त्याचे उघड कारण. काम वाढले म्हणून माणसे वाढत नाहीत. साहेबाला मोठे व्हायचे असते म्हणून माणसे वाढतात, आणि माणसे वाढली म्हणून त्यांच्यासाठी काम शोधावे लागते. पेशवाईच्या उतरत्या काळात सरदाराची योग्यता त्याच्या फौजेच्या आकड्यावरून ठरू लागली, तेव्हा हजेरीपत्रकावर घोडी वाढली आणि रणांगणावर ती दिसेनाशी झाली. त्या घोड्यांची आणि या हजेरीपत्रकाची जात एकच आहे.

आता दुसरी अंधश्रद्धा, तासांची. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करण्याचा उपदेश केला. 2025 च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे नव्वद तासांविषयीचे उद्गार देशभर गाजले. ही कर्तबगार माणसे आहेत, त्यांच्या कर्तबगारीला माझा नमस्कार आहे. पण उपदेशाला नाही. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. त्यातले नव्वद कचेरीला आणि छपन्न झोपेला दिले, तर दिवसाला तीन तास उरतात. एवढ्यात अंघोळ, जेवण, जाणे-येणे, आईबापांची चौकशी आणि लेकराचा अभ्यास! हिंजवडीचा रस्ता ज्यांनी संध्याकाळी पाहिला आहे त्यांना विचारा, ते तीन तास कुठे जातात.

देशासाठी कष्ट करायला माझी ना नाही. माझ्या गावचा शेतकरी कुठे तास मोजतो? पण थकलेल्या माणसाने चार सऱ्या वाकड्या पाडल्या तर त्या डोळ्यांना दिसतात. थकलेल्या डोक्याने लिहिलेली चूक प्रोग्रॅममध्ये दडून बसते आणि सहा महिन्यांनी भलत्याच ठिकाणी डोके वर काढते. ती शोधायला दहाजणांचे दहा दिवस जातात. रात्री दोनला केलेले काम दिवसा चौघांना निस्तरावे लागत असेल, तर त्या जागरणाला कष्ट म्हणायचे की उधळपट्टी?

1 ऑगस्ट 2012 या दिवशी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात काय झाले ते ऐका. नाइट कॅपिटल नावाच्या कंपनीने आपल्या आठ यंत्रांवर नवा प्रोग्रॅम चढविला. त्यातले एक यंत्र राहून गेले. तिथे जुनाच, केव्हाच निकामी झालेला प्रोग्रॅम जागा झाला आणि भरमसाट खरेदी-विक्री करीत सुटला. पाऊण तासात कंपनी चव्वेचाळीस कोटी डॉलरांना बुडाली. पुढे सरकारी चौकशीत निघाले काय? आठही यंत्रांवर काम झाले की नाही हे पाहायला दुसरा माणूसच नेमलेला नव्हता, आणि तसा नेमावा असा लेखी नियमही नव्हता. एकाने केलेले दुसऱ्याने पाहणे, एवढी साधी गोष्ट! शाळेत आम्ही साध्या चाचणीच्या गुणांची बेरीजसुद्धा दुसऱ्या शिक्षकाकडून ताडून घेतो. त्या एका माणसाने आठवड्याला नव्वद तास काम केले असते तर ही आपत्ती टळली असती काय? तिथे आणखी तास नको होते. आणखी दोन डोळे हवे होते, आणि ते असतील हे पाहणे हे पुढाऱ्याचे काम होते.

तिसरी अंधश्रद्धा सर्वांत विषारी. ती धाकाची. "जरा वचक असला म्हणजे पोरे सरळ राहतात" हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत इतक्यांदा ऐकले आहे, की त्याचा मला वीट आला आहे. ज्या घरात कप फुटल्याचे सांगायला पोर भिते, त्या घरात कप फुटायचे थांबत नाहीत. फक्त कपाटामागे काचा सापडू लागतात, आणि एक दिवस त्या आजीच्या पायात जातात.

हे माझे घरगुती तत्त्वज्ञान झाले. पण एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन विदुषीने इस्पितळांतल्या परिचारिकांच्या तुकड्यांचा अभ्यास केला, तेव्हा तिला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. ज्या तुकड्या चांगल्या चालविल्या जात होत्या, त्यांच्याच नोंदीत औषधांच्या चुका जास्त! आधी तिलाही उलगडा होईना. मग ध्यानात आले, की चांगल्या तुकड्यांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. वाईट तुकड्यांत त्या गिळल्या जात होत्या. 1996 साली हे प्रसिद्ध झाले. पुढे सॉफ्टवेअरच्या मोठमोठ्या कंपन्यांनीही हेच सूत्र डोक्यावर घेतले, भिंतींवर रंगीत तक्ते लावले आणि तक्त्यांखाली बसून पूर्वीचाच धाक चालू ठेवला.

धाक किती दूर जातो हे पाहायचे असेल तर ब्रिटनकडे पाहा. तिथल्या टपालखात्याने 1999 पासून होरायझन नावाची संगणकप्रणाली गावोगावच्या पोस्टांत बसविली. हिशेबात तूट दिसू लागली. वास्तविक दोष प्रणालीत होते. पण प्रणाली चुकूच शकत नाही, असे वरपासून खालपर्यंत सर्वांनी घोकले. नऊशेहून अधिक पोस्टचालकांवर चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असे आरोप शाबीत झाले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांचे संसार धुळीला मिळाले. 2019 साली न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचा निर्वाळा दिला आणि 2024 साली संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. "साहेब, आपल्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे" हे वाक्य वेळेवर बोलले जाणे आणि वेळेवर ऐकले जाणे, एवढ्यावर शेकडो घरांची अब्रू अवलंबून होती. तेव्हा धाक हा कचेरीतला खासगी मामला आहे असे मला कोणी सांगू नये.

याच्या उलट एक गोष्ट आहे, ती घरातल्या लहानथोरांनी ऐकावी. अपोलो यानांचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीमच्या प्रमुख होत्या मार्गारेट हॅमिल्टन. त्या आपल्या चिमुरड्या मुलीला कधी कधी प्रयोगशाळेत घेऊन येत. एकदा त्या पोरीने यानाच्या नकली यंत्राशी खेळताना भलतीच बटणे दाबली. यान उड्डाणात आहे असे धरून प्रयोग चालला होता, आणि तिने उड्डाणापूर्वीचा प्रोग्रॅम चालू केला. सारे कोसळले. दुसरी एखादी बाई पोरीला धपाटा घालून घरी घेऊन गेली असती. हॅमिल्टनबाई म्हणाल्या, की हे अंतराळवीराच्या हातूनही होऊ शकेल, याला प्रोग्रॅममध्येच अडसर घातला पाहिजे. वरिष्ठांनी नकार दिला. आमचे वीर इतके तयार असतात की ते असे करणारच नाहीत, हा त्यांचा युक्तिवाद. डिसेंबर 1968 मध्ये अपोलो 8 चंद्राकडून परत येत असताना जिम लॉव्हेल यांनी नेमके तेच केले, आणि यान कुठे आहे ही माहितीच यंत्राच्या स्मरणातून पुसली गेली. ती पुन्हा भरायला पुष्कळ धावपळ करावी लागली. त्यानंतर कुठे बाईंचा अडसर मंजूर झाला. पुढारी कोणाला म्हणावे? पोराच्या चुकीतूनही जिला धोका ऐकू येतो तिला, की तयार माणसे चुकतच नाहीत म्हणून कान झाकून बसणाऱ्यांना?

धाकाचेच एक सुशिक्षित रूप म्हणजे वार्षिक मूल्यमापनातली सक्तीची उतरंड. दहाजणांची टीम असेल तर दोघे उत्तम, सातजण मध्यम आणि एकजण टाकाऊ ठरलाच पाहिजे, असा हिशेब. मी परीक्षेला बसविलेल्या दहाही मुलांनी उत्तम पेपर लिहिले तरी एकाला नापास करा, असे शिक्षणखात्याने सांगितले तर पालक मोर्चा काढतील. पण तीच मुले नोकरीला लागली की याला शास्त्र म्हणतात! या शास्त्राचा परिणाम असा, की शेजारच्याला मदत करणे हा मूर्खपणा ठरतो. त्याचा पाय घसरला तर माझी पायरी वाचते. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत वर्षानुवर्षे चालविली आणि 2013 साली मोडीत काढली. आपल्याकडे मात्र अजून कित्येक ठिकाणी साहेबाने टाकलेली जुनी टोपी आपण नवी म्हणून मिरवीत आहोत.

इथवर मी मोडतोड केली. आता बांधणीचे बोलतो, कारण नुसती मोडतोड करणाऱ्याला आमच्या गावात कोणी चहा विचारीत नाही.

मराठीत 'हाताखाली' हा एक शब्द आहे आणि 'हाताखालून' हा दुसरा. "त्याच्या हाताखाली चाळीस माणसे आहेत" हे आपण मुकादमाविषयी म्हणतो. "त्यांच्या हाताखालून चार पिढ्या गेल्या" हे आपण शिक्षकाविषयी, सुईणीविषयी, तालमीतल्या वस्तादाविषयी म्हणतो. पहिल्यात माणसे दबून राहतात. दुसऱ्यात ती घडून पुढे जातात. सॉफ्टवेअरची टीम वाढविणे म्हणजे काय, याचे सारे उत्तर या एका अक्षरात आहे. पहिला शब्द मोजणीचा, दुसरा मशागतीचा.

आणि मुकादमाचीही मी उगाच बदनामी करणार नाही. मुंबईच्या डबेवाल्यांत प्रत्येक टोळीला मुकादम असतो. पण तो कसा? वर्षानुवर्षे स्वतः डबे वाहिलेला, डब्यावरची खूण अंधारातही ओळखणारा, नव्या पोराला रस्ते दाखविणारा, टोळीतले तंटे मिटविणारा, आणि एखादा गडी आजारी पडला तर त्याचा डबा अडू न देणारा. शंभराहून अधिक वर्षे ती व्यवस्था उभी आहे. अशा मुकादमाच्या पायाशी बसून आमच्या वातानुकूलित मुकादमांनी चार दिवस शिकावे, असे मला वाटते.

माणूस घडवायचा म्हणजे करायचे काय? यात गूढ काही नाही. नवा मुलगा आला की त्याला तीन महिने खुर्चीवर लोणच्यासारखा मुरत ठेवू नये. पहिल्याच आठवड्यात लहानसे, पण खरे काम द्यावे आणि शेजारी एक जुना माणूस बसवावा. त्याने लिहिलेले दुसऱ्याने वाचावे, आणि त्यानेही थोरांचे लिहिलेले वाचावे. वहीवर नुसता लाल काट मारणारा मास्तर बिनकामाचा. काट का मारली हे समासात लिहितो तो खरा. मोठा प्रमुख स्वतःचे लिखाणही सर्वांसमोर तपासायला ठेवतो आणि नवशिक्याने त्यात चूक काढली तर खूष होतो. काम देताना ते का हवे आहे आणि कोणासाठी हे आधी सांगावे. कसे करायचे ते त्याच्यावर सोपवावे. आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी अर्धा तास एकट्याशी बोलावे, आणि त्यात कामाच्या तारखा सोडून बाकी सारे विचारावे. टीमचे शहाणपण एकाच्या डोक्यात कोंडून राहू नये, ते लिहून ठेवावे. ज्याच्या रजेमुळे कचेरी बंद पडते तो माणूस मोठा, असा आपला समज आहे. मी म्हणतो, त्याने स्वतःची टीम पोसलेलीच नाही. पंधरा दिवस प्रमुख गावी गेला आणि काम सुरळीत चालले, तर तो प्रमुख खरा.

आणखी एक. उत्तम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बक्षीस म्हणून माणसे हाकायला लावणे थांबवा. उत्तम गवयाला बढती म्हणून नाटक कंपनीच्या तिकिटखिडकीवर बसविण्यासारखे ते आहे. गाणेही जाते आणि हिशेबही चुकतो. आयबीएमने 1963 पासून आपल्या थोर तंत्रज्ञांना 'फेलो' म्हणून मान द्यायला आरंभ केला, तो याचसाठी, की कारागिराने कारागीर राहूनच मोठे व्हावे. ज्याला माणसांत रस आहे त्याने माणसे घडवावीत, ज्याला कामात रस आहे त्याने काम घडवावे. दोघांचा पाट एकाच उंचीचा असावा. आणि इथे दोष आपलाही आहे, वाचकहो. "अजून प्रोग्रॅमच लिहितोस का रे?" असे भावाबहिणींच्या देखत विचारणारे काका-मामा आपणच आहोत. चाळिशीतला सुतार अजून रंधा मारतो याची आपल्याला लाज वाटत नाही, मग याचीच का वाटावी?

कोणी म्हणेल, हा आदर्शवाद झाला, गिऱ्हाईक थांबत नाही. पुण्यातलेच उदाहरण देतो. अमेरिकेने भारताला हवा तसा महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. प्रमुख होते अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर. यंत्र बाजारात मिळत नव्हते, तशी ते बांधणारी तयार माणसेही बाजारात मिळत नव्हती. ती कामातच तयार करावी लागली. 1991 साली परम 8000 उभा राहिला. मुदत तिथेही होती, देशाची इभ्रत पणाला लागली होती. पण माणसे घडविणे आणि काम उरकणे ही तिथे एकमेकांची वैरी ठरली नाहीत.

दुसरा आक्षेप नेहमीचा. "आम्ही शिकवायचे आणि पोरे दुप्पट पगारावर शेजारच्या कंपनीत जायची!" अहो, जातील. माझ्या वर्गातलीही सारी गेली, एक शिल्लक राहिला नाही. शिकलेला माणूस जातो याचे दुःख आहेच. पण न शिकलेला माणूस वीस वर्षे तिथेच राहतो, याची भीती त्याहून मोठी असायला हवी. शिवाय जिथे माणसे घडतात त्या घराकडे नवी माणसे आपोआप वळतात. तालमीचे नाव मल्ल बाहेर जाऊन कुस्त्या मारतात तेव्हाच होते.

तिसरा आक्षेप अगदी ताजा आहे. आता यंत्रच प्रोग्रॅम लिहू लागले आहे, तेव्हा नवशिकी पोरे हवीत कशाला, चार अनुभवी माणसे आणि एक यंत्र पुरे, असे काही साहेब उघड म्हणू लागले आहेत. यंत्र लिहिते हे खरे, आणि झपाट्याने लिहिते. पण त्याने लिहिलेले बरोबर की चूक हे ठरविणार कोण? अनुभवी माणूस. आणि अनुभवी माणूस झाडाला लागतो काय? आजचा जाणता हा पंधरा वर्षांपूर्वीचा अडाणी नवशिकाच होता. कोणीतरी त्याच्या शेजारी बसले, त्याच्या चुका सोसल्या, त्याची वही तपासली, म्हणून तो जाणता झाला. आज नवशिक्याला दार बंद करणारा साहेब पुढच्या पंधरा वर्षांचे बियाणे दळून भाकरी खातो आहे. दुष्काळातला शेतकरी पोटाला चिमटा घेतो, दागिने मोडतो, पण बियाण्याच्या कणगीला हात लावीत नाही. निरक्षर शेतकऱ्याला जे कळते ते या पंडितांना कळू नये, याला काय म्हणावे?

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. ज्या कचेऱ्या आपल्या प्रमुखांना डोक्यांच्या, तासांच्या आणि भीतीच्या मापाने मोजतात, त्या आपल्या लेकरांची उमेदीची वर्षे नासवीत आहेत, आणि वर जगाला नासके सॉफ्टवेअर विकीत आहेत. त्यांनी आपले माप बदलावे. गेल्या तीन वर्षांत या माणसाच्या शेजारी बसून कोण स्वतंत्रपणे काम करू लागले, कोणी त्याची चूक निर्भयपणे दाखविली, आणि तो नसताना काय अडले नाही, एवढे तीन प्रश्न बढतीच्या कागदावर छापावेत. आणि त्या कचेऱ्यांत बसलेल्या माझ्या मुलामुलींनो, साहेब माप बदलण्याची वाट पाहू नका. दिवाळीची सुट्टी संपवून परत जाल तेव्हा तुमच्या टीममधला सर्वांत नवा, सर्वांत गप्प बसणारा जो कोणी असेल, त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि त्याला विचारा, "काय अडले आहे?" त्याला उत्तर द्यायची भीती वाटली नाही, तर तुमची टीम वाढू लागली असे खुशाल समजा.